शेरा

पहाटेचे साडेसहा. पाषाण तलाव.
होडी म्हणजे दोन निळी पिंपं आणि एक फळी,
फळीवर मी, बाटल्यांचा क्रेट,
आणि बांबूने तळ चाचपणारे रभाजी.
जलपर्णी बाजूला सारत ते विचारतात,
"बाई, आज कुठं टोचायचं तळ्याला?"

आधी तबकडी सोडते. काळी-पांढरी, थाळीएवढी.
दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ.
पहिली. दुसरी. तिसरी.
पांढरं हिरवट होतं, मग चहासारखं,
मग नाहीच.
वर ओढते, पुन्हा दिसते तिथे थांबते.
दोन्हींची सरासरी: चौतीस.
माझ्या पहिल्या वहीत याच जागी एकशे दहा आहे.
अक्षरही तेव्हा बरं होतं माझं.

रभाजी ओंजळीत पाणी घेतात,
अंगठ्याने बोटांवर चोळतात.
"साबण," म्हणतात.
मी हसते.
चार दिवसांनी फॉस्फेटचा आकडा हेच सांगणार आहे,
फक्त दशांशचिन्ह लावून.

तळाजवळच्या पाण्याची बाटली
बुडबुडा न येऊ देता भरायची असते.
मग दोन द्रावणं, बूच, उलट-सुलट.
प्राणवायू असला तर आत तपकिरी साका धरतो.
आज पांढरा धरला.
दुधात लिंबू पिळावं तसा, दिसायला सुरेख.
म्हणजे तळाला श्वास नाही.

मग नळी.
रभाजी बांबू रोवून होडी धरतात,
मी नळीवर सगळं अंग टाकते.
तळ आधी लोण्यासारखा, मग घट्ट दह्यासारखा, मग हट्टी.
सुटताना सडक्या अंड्याचा वास येतो
आणि रभाजी दुसरीकडे बघतात,
कुणाचं तरी उघडं पडल्यासारखं.

काठावर, कालच्या वर्तमानपत्रावर
गाळाचा दांडा आडवा ठेवून
दोऱ्याने कापत जाते, अळूवडीचा उंडा कापावा तसा.
प्रत्येक चकतीला पिशवी, पिशवीवर नंबर.
एक ते नऊ: काळा, तेलकट.
दहा: चमकीचा एक कण, अजून चमकतोय.
चौदा: गोगलगाईचं कवच, नखाएवढं, रिकामं.
अठरा: पुन्हा काळा.
बावीसला दोरा अडतो.

बावीस ते सव्वीस, पिवळट तांबडा मुरूम.
भरड. वास नाही.
हळूहळू साचलेला नव्हे, एका झटक्यात आलेला.
वर्ष नक्की सांगता येत नाही,
त्याला वेगळी यंत्रं लागतात, ती आमच्याकडे नाहीत.
तरी मी बोटांवर मोजते.

बावधनच्या वर टेकडी कापत होते तेव्हा.
दर रविवारी उपेंद्रच्या स्कूटरवर मागे बसून
मी पत्र्यांच्या फटीतून बघायला जायचे.
"सातवा मजला, पूर्वेची खिडकी,"
आम्ही हवेतच बोट दाखवायचो.
बिल्डरला पावसाआधी पाया भरायची घाई होती.
उपसलेली टेकडी उतारावर तशीच पडली होती.
खालचा ओढा रामनदीला मिळतो, रामनदी इथे.
नकाशा मीच काढलाय, अहवालात पान बारावर.

हा रंग मला ओळखीचा आहे.
गॅलरीतल्या कुंड्यांच्या तळाशी हाच घातलाय मी,
पाणी साचू नये म्हणून.
हप्ते अजून पाच वर्षं आहेत.

"काय गावलं?" रभाजी विचारतात.
"वाळू."
ते चिमूटभर घेतात, चोळतात, झटकतात.
"वाळू न्हाई ही. डोंगुर हाय."

दुपारी प्रयोगशाळेत फॉर्म भरते.
गाळाचा स्रोत: नदी, ओढा, सांडपाणी, इतर.
'इतर'वर खूण करते.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवते,
टिंब उमटतं, ते मोठं होत जातं,
मग शिपाई चहा घेऊन येतो.

बेसिनपाशी हात धुते.
नखांत मुरूम अडकलाय, सहज निघत नाही.
साबण थोडाच घेते आज.
हे पाणी कुठे जातं, ते विचारायला
मला कुणाकडे जावं लागत नाही.